फकीर, भिकारी, प्रवासी : टॉमस कोरियटचा पायी प्रवास आणि त्याची संहिता

१

प्रवासवर्णनाचा विचार करताना 'एकट्याने केलेला प्रवास' ही संकल्पना आपण बहुधा चिकित्सा न करताच स्वीकारतो. प्रवासी एकटा निघतो, पायी चालतो, वाटेत अनोळखी माणसे भेटतात आणि त्यांच्याद्वारे त्याला जगाचे व स्वतःचे ज्ञान होते, असा एक आकृतिबंध या वाङ्मयप्रकारात रूढ झालेला आहे. या आकृतिबंधात प्रवासी हा ज्ञाता आणि भेटणारी माणसे ही ज्ञेय असतात. निवेदनाचा अधिकार प्रवाशाकडे असल्यामुळे हे नाते वाचकालाही स्वाभाविक वाटते. परंतु परमुलखातून महिनोन्‌महिने पायी चालणे एकट्या माणसाला शक्य होते ते कशाच्या बळावर? त्याला खायला कोण घालते, वाट कोण दाखवते, तो कोणत्या भाषेत आपली ओळख सांगतो आणि ऐकणारा त्याला कोणत्या सामाजिक वर्गात बसवतो? हे प्रश्न विचारू लागले की 'एकटेपण' ही प्रवासाची वस्तुस्थिती उरत नाही. ती निवेदकाने केलेली एक निवड आहे, हे लक्षात येऊ लागते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार एका ऐतिहासिक उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. टॉमस कोरियट नावाचा एक इंग्रज १६१४ च्या सप्टेंबरात अलेप्पोहून निघाला आणि १६१५ च्या जुलैत अजमेर येथे जहांगीराच्या दरबारी पोहोचला. जेरुसलेमपासून अजमेरपर्यंतचे अंतर त्याने सुमारे २,७०० मैल असे दिले असून ते आपण पायी चालून आलो, असे त्याचे सांगणे आहे. तो व्यापारी नव्हता, धर्मप्रचारक नव्हता, कोणाचा वकीलही नव्हता. त्याला पाहावयाचे होते आणि पाहिलेले लिहावयाचे होते. एवढ्याच हेतूने हिंदुस्थानात आलेला असा इंग्रज त्या काळात जवळजवळ अपवादात्मक म्हटला पाहिजे.

एडवर्ड सैद यांचा 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) आणि मेरी लुईस प्रॅट यांचा 'इम्पीरियल आईज' (१९९२) या ग्रंथांनंतर युरोपीय प्रवासवर्णनाकडे निरागस दृष्टीने पाहणे कोणाही अभ्यासकाला शक्य राहिलेले नाही. मात्र या चिकित्सेचा मुख्य रोख, ज्याच्या पाठीशी सत्ता उभी आहे अशा प्रवाशावर आहे. प्रॅट यांचे विवेचन तर अठराव्या शतकाच्या मध्यापासून सुरू होते. कोरियटच्या पाठीशी कोणतीही सत्ता नव्हती. ज्या दरबारात तो उभा राहिला, तेथे इंग्लंडच्या राजाचा वकीलदेखील याचक होता. सत्तेचा तोल उलट्या बाजूस असताना 'पाहणारा' आणि 'पाहिला जाणारा' यांचे नाते कसे होते, हे तपासण्यासाठी हे उदाहरण म्हणूनच उपयुक्त आहे.

२

कोरियटचा जन्म १५७७ च्या सुमारास झाला. सॉमरसेट परगण्यातील ऑडकम या गावच्या पाद्र्याचा हा मुलगा. ऑक्सफर्डला त्याने काही काळ शिक्षण घेतले. ग्रीक व लॅटिन या भाषा त्याला चांगल्या अवगत होत्या. पुढे युवराज हेन्रीच्या परिवारात त्याला जागा मिळाली ती मात्र विद्वान म्हणून नव्हे. लोकांना हसविणारा आणि लोकांनी हसण्याचा विषय, अशी दुहेरी भूमिका त्याच्या वाट्याला आली. १६०८ साली तो व्हेनिसपर्यंत जाऊन आला. हा प्रवास सुमारे पाच महिन्यांचा होता आणि त्यातील बराचसा भाग, विशेषतः परतीचा, पायी झाला होता. झिजलेले बूट त्याने आपल्या गावच्या चर्चमध्ये टांगून ठेवले. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या 'कोरियट्स क्रूडिटीज' या जाडजूड ग्रंथात हा प्रवास आलेला आहे. इटलीतील लोक जेवताना काटा वापरतात, हे इंग्रज वाचकाला सविस्तर सांगणारा ग्रंथ म्हणून त्याचा आजही उल्लेख होतो.

या ग्रंथाची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. मूळ प्रवासवृत्ताच्या आधी पन्नासहून अधिक कवींनी लिहिलेल्या प्रशस्तिपर कविता छापलेल्या आहेत. त्यांत बेन जॉन्सन आहे, जॉन डन आहे. या प्रशस्तीचा सूर बहुतांशी उपहासाचा आहे. पायी हिंडून आल्याबद्दल लेखकाची थट्टा करणाऱ्या कविता लेखकानेच आपल्या ग्रंथाच्या दारात उभ्या कराव्यात, याचा अर्थ काय? पायी प्रवास हा गंभीर ज्ञानव्यवहार मानला जाण्यासाठी लागणारी वाङ्मयीन प्रतिष्ठा त्या समाजात अस्तित्वात नव्हती. तो अनुभव थट्टेच्या चौकटीत बसवूनच वाचकापुढे ठेवता येत होता.

याची कारणे समाजव्यवस्थेत शोधावी लागतात. १५९७-९८ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये धडधाकट असून भटकणाऱ्या निर्धन माणसाला गुन्हेगार ठरविले होते. अशा माणसाला फटके मारून त्याच्या मूळ गावी परत पाठवावे, अशी तरतूद होती. मालक नसलेला, पायी फिरणारा माणूस हा व्यवस्थेच्या दृष्टीने संशयास्पद होता. सरदार घोड्यावरून जाई, व्यापारी मालाबरोबर जाई. विनाकारण चालत जाणाऱ्याला सन्मान्य असे नाव नव्हते. त्यामुळे या काळात इंग्रजीत जे पायी प्रवास लिहिले गेले, त्यांतील कित्येकांना पैजेचे किंवा तमाशाचे रूप आलेले दिसते. नट विल केम्प १६०० साली लंडनहून नॉर्विचपर्यंत नाचत गेला आणि त्याने त्यावर पुस्तिका लिहिली. कवी जॉन टेलर १६१८ साली खिशात पैसा न घेता स्कॉटलंडपर्यंत चालत गेला; त्यानेही ते लिहिले. त्याच वर्षी बेन जॉन्सननेही लंडन ते एडिंबरो हा प्रवास पायी केला. कायद्याने ज्याला भटक्या म्हटले असते, तो विनोदी लेखक म्हणून सुटून जात होता. कोरियटने विदूषकाची भूमिका पत्करली, ती या पार्श्वभूमीवर समजून घेतली पाहिजे.

३

१६१२ साली तो पुन्हा निघाला. कॉन्स्टँटिनोपल, ट्रॉयचे म्हणून दाखविले जाणारे अवशेष, जेरुसलेम आणि अलेप्पो येथवरचा प्रवास त्या काळच्या सुशिक्षित ख्रिस्ती माणसाच्या कल्पनेतील होता; ग्रीक काव्य आणि बायबल या दोन ग्रंथांनी तो मार्ग आधीच आखून ठेवला होता. अलेप्पोच्या पुढे मात्र त्याच्यापुढे पूर्वलिखित असे फारसे काही नव्हते. दियारबकर, तब्रीझ, कझवीन, इस्फहान, कंदाहार, मुलतान, लाहोर, दिल्ली, आग्रा आणि अजमेर असा हा मार्ग आहे.

हा प्रवास 'एकट्याने' केलेला म्हणून ओळखला जातो. कोरियटच्या पत्रांतूनच या समजाला छेद मिळतो. इस्फहानहून लाहोरपर्यंत तो एका प्रचंड काफिल्याबरोबर चालत होता. या काफिल्यात २,००० उंट, १,५०० घोडे, हजाराहून अधिक खेचरे, ८०० गाढवे आणि ६,००० माणसे होती, असा हिशेब त्याने दिला आहे. सहा हजार माणसांत चालणारा माणूस एकटा कसा? तरीही तो स्वतःला एकटा समजतो, कारण त्याच्या भाषेचा, त्याच्या गावचा, त्याला आधीपासून ओळखणारा कोणी त्यांत नाही. येथे एकटेपणाचा अर्थ माणसांचा अभाव असा नसून परिचिताचा अभाव असा आहे. काफिल्याने त्याला वाट दिली, पाणवठे दिले, दरोडेखोरांपासून संरक्षण दिले. संहितेने त्या काफिल्याला फक्त आकडे दिले. उंट आणि माणसे एकाच यादीत मोजली गेली.

खर्चाचा तपशीलही बोलका आहे. अलेप्पोपासून अजमेरपर्यंतच्या दहा महिन्यांत आपले केवळ तीन पौंड खर्च झाले आणि त्यांतलेही दहा शिलिंग काही आर्मेनियन ख्रिस्ती लोकांनी फसवून घेतले, असे तो लिहितो. कित्येकदा एका पेनीत दिवस निभावला, हेही तो अभिमानाने सांगतो. मेसोपोटेमियात एका तुर्की घोडेस्वाराने त्याला लुबाडले होते, ती घटना वेगळीच. या हिशेबाकडे स्वस्ताईचा पुरावा म्हणून पाहता येते. परंतु एका पेनीत एक दिवस निभावतो तेव्हा त्यामागे एक सामाजिक व्यवस्था उभी असते. सराया, दर्गे, अन्नदानाची प्रथा, पांथस्थाला भाकरी देणे हे पुण्यकर्म मानणारी धर्मकल्पना यांनी मिळून त्या मुलखात पायी चालणाऱ्याचा भार उचलला जात होता. ज्याला प्रवासी आपली काटकसर म्हणतो, तिच्यात दुसऱ्या कोणाचे तरी औदार्य मिसळलेले असते, हा मुद्दा प्रवासवर्णनाच्या समीक्षेत पुरेसा मांडला गेलेला नाही.

वाटेत भेटलेल्यांपैकी नावानिशी कोण येतात, हेही पाहण्यासारखे आहे. इराण आणि हिंदुस्थान यांच्या सीमेजवळ त्याला सर रॉबर्ट शर्ली हा शाह अब्बासच्या सेवेतील इंग्रज भेटला. शर्लीने कोरियटचे ग्रंथ जपून बाळगलेले होते; ते त्याने तेथे काढून दाखविले आणि शर्लीच्या पत्नीने त्याला काही पैसे दिले. परमुलखाच्या रानात आपला वाचक भेटावा हा योग कोणाही लेखकाला सुखावणारा आहे, आणि कोरियटने तो मोठ्या समाधानाने नोंदविला आहे. शर्लीला नाव आहे, कारण तो इंग्रज आहे, उच्चपदस्थ आहे आणि कोरियटला वाचणारा आहे.

याउलट मुलतान येथे त्याला भेटलेल्या एका माणसाला नाव नाही. या माणसाने कोरियटला 'काफर' या अर्थाचा शब्द वापरला आणि दोघांचा धर्मावरून वाद जुंपला. हा वाद झाला इटालियन भाषेत. जन्माने हिंदुस्थानी असलेला हा मुसलमान कॉन्स्टँटिनोपलहून अलेक्झांड्रियाकडे जहाजातून जात असताना फ्लॉरेन्सच्या लोकांच्या हाती सापडला होता, आणि लिव्होर्नो या बंदरात गुलाम म्हणून दोन वर्षे राहिला होता. तेथे तो इटालियन शिकला. कोरियट हे सर्व सांगतो ते आपल्या प्रदीर्घ भाषणाची प्रस्तावना म्हणून; त्याला वादात आपण काय बोललो याचे महत्त्व आहे. आजच्या वाचकाचे लक्ष मात्र त्या अनाम माणसावर खिळून राहते. कोरियट पश्चिमेकडून पूर्वेकडे आला होता. हा माणूस पूर्वेकडून पश्चिमेकडे जाऊन, गुलामगिरी भोगून, परत आपल्या मुलखात आलेला होता. दोघांच्या प्रवासात अधिक खडतर कोणाचा, हे सांगणे कठीण नाही. परंतु एकाचा प्रवास ग्रंथविषय झाला आणि दुसऱ्याचा प्रवास त्या ग्रंथातील एका वाक्याचा उपवाक्यांश होऊन राहिला. 'अनोळखी माणूस' म्हणून जो संहितेत येतो, तोही कित्येकदा दुसऱ्या, न लिहिलेल्या संहितेचा नायक असतो.

४

अजमेर येथील वास्तव्यात कोरियटने जे केले, ते या लेखाच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे. तो फारसी शिकला आणि १६१६ साली एके दिवशी जहांगीर झरोक्यात आला असता त्याने खाली उभे राहून त्याला उद्देशून फारसीत भाषण केले. इंग्रज वकील सर टॉमस रो त्या वेळी दरबारी होता. त्याला कळले तर तो आडकाठी करील, म्हणून हे भाषण त्याच्यापासून गुप्त ठेवलेले होते. भाषणात कोरियट स्वतःची ओळख फकीर, दरवेश आणि जग हिंडणारा अशी करून देतो. इंग्लंडहून येण्याची चार कारणे तो सांगतो : बादशहाचे दर्शन, हत्ती पाहणे, गंगा पाहणे आणि समरकंदला जाऊन तैमूरची कबर पाहण्यासाठी बादशहाचे पत्र मिळविणे. तातार राजांशी आपले सख्य नाही, त्यामुळे पत्राचा उपयोग होणार नाही, असे जहांगीराने त्याला सांगितले आणि शंभर रुपयांची नाणी झरोक्यातून त्याच्याकडे टाकली.

रोला हे कळल्यावर तो संतापला. आपल्या देशाचा माणूस बादशहापुढे भिकाऱ्यासारखा उभा राहून पैसे मागतो, यात राष्ट्राची अप्रतिष्ठा आहे, असे त्याचे म्हणणे होते. कोरियटने त्याला निर्भीडपणे उत्तर दिले आणि रोला तो विषय सोडून द्यावा लागला.

या प्रसंगाकडे दोन स्वभावांची चकमक म्हणून पाहणे पुरेसे नाही. येथे एकच कृती दोन भाषांच्या संकेतव्यूहांत दोन वेगळे अर्थ धारण करते. फारसीत आणि त्या भाषेने घडविलेल्या दरबारी संस्कृतीत 'फकीर' ही एक ओळखली जाणारी, बहुतांशी आदराने पाहिली जाणारी भूमिका आहे. अजमेर हे ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्याचे गाव. जहांगीराच्या जन्मानंतर नवस फेडण्यासाठी अकबर १५७० साली आग्र्याहून याच दर्ग्यापर्यंत पायी आला होता. त्यानंतर थोड्याच काळाने, १६१७ मध्ये, जहांगीर उज्जैनजवळ जदरूप गोसाव्याच्या गुहेत त्याच्या भेटीस गेला आणि पुढेही जात राहिला. ज्या संस्कृतीत बादशहा पायी चालतो आणि निष्कांचन माणसाकडे स्वतः जातो, तेथे धनाची इच्छा नसलेल्या वाटसरूला चार पैसे देणे हे देणाऱ्याचे भूषण असते. घेणाऱ्याला त्यात कमीपणा नसतो.

इंग्रजीत त्या भूमिकेला जागा नव्हती. 'फकीर' हा शब्द रोच्या मनात 'भिकारी' असाच उतरला आणि त्यामागोमाग गावकुसाबाहेर फटके खाणाऱ्या भटक्याची प्रतिमा आली. मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. भिक्षेशीच नाते सांगणारे 'भिक्षुक' आणि 'भिकारी' हे दोन शब्द आपल्या भाषेत आहेत आणि त्यांतील अंतर किती मोठे आहे, हे प्रत्येक भाषकाला ठाऊक असते. भिक्षुकाला वृत्ती आहे, विद्या आहे, दक्षिणेचा हक्क आहे. भिकाऱ्याला यांतले काहीच नाही. कोरियटने जहांगीरापुढे स्वतःला भिक्षुक म्हणून उभे केले आणि त्याच्या देशाच्या वकिलाने त्याला भिकारी म्हणून पाहिले. अनुवादात नाहीसे झाले ते एका माणसाचे सामाजिक स्थान.

यातून एक व्यापक निष्कर्ष काढता येतो. एकट्याने पायी हिंडणारा माणूस कोण आहे, हे तो स्वतः ठरवीत नाही. ज्या भाषेत तो बोलतो, त्या भाषेत अशा माणसासाठी कोणते शब्द उपलब्ध आहेत, यावर ते ठरते. कोरियटला स्वभाषेत विदूषक व्हावे लागले. परभाषेत त्याला प्रथमच गंभीर भूमिका मिळाली. तो फारसी शिकला यामागे उपयुक्ततेपेक्षा काही अधिक होते, असे म्हणण्यास यामुळे आधार मिळतो.

५

कोरियटच्या भाषाज्ञानाविषयी आपल्याला जे कळते, ते मुख्यतः रोचा पाद्री एडवर्ड टेरी याच्याकडून. मांडवगड येथे छावणी असताना टेरी आणि कोरियट एकत्र राहत होते. टेरीने आपले प्रवासवृत्त १६५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, म्हणजे या घटनांना तोवर जवळजवळ चाळीस वर्षे लोटली होती. त्यातील एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. वकिलाच्या घरी काम करणारी एक परटीण सकाळपासून रात्रीपर्यंत लोकांशी भांडत असे. कोरियटने एके दिवशी तिच्याच हिंदुस्थानी बोलीत तिला अशा शिव्या दिल्या की, सकाळी आठ वाजेपर्यंत ती निरुत्तर झाली. टेरी ही कथा कोरियटच्या भाषाप्रभुत्वाचे प्रमाण म्हणून सांगतो. भाषाप्रभुत्व सिद्ध होते ते एका गरीब स्त्रीला गप्प करण्यात, हे त्याला खटकत नाही. ती काय बोलत होती, कशाबद्दल भांडत होती, हे कोणी टिपलेले नाही. परक्याची भाषा शिकणे म्हणजे परक्याचे ऐकणे असे आपण गृहीत धरतो. या आख्यायिकेत भाषा ऐकण्यासाठी नव्हे तर बोलणे बंद करण्यासाठी वापरली गेली आहे.

दुसरी हकीकत आग्र्याची आहे. मशिदीतील बांग ऐकून कोरियटने समोरच्या उंच जागी चढून तिला उत्तर म्हणून आपल्या ख्रिस्ती श्रद्धेची आणि इस्लामच्या निषेधाची घोषणा केली. आशियात अन्यत्र हे त्याच्या जिवावर बेतले असते. येथे त्याला वेडा समजून सोडून देण्यात आले, असे टेरी म्हणतो. कोरियटला उदारमतवादी प्रवाशाच्या आधुनिक साच्यात बसविण्याचा मोह या हकीकतीमुळे आवरावा लागतो. तो परधर्माविषयी असहिष्णु होता. सहिष्णुता होती ती त्याचे बोलणे ऐकून घेणाऱ्यांकडे. मुलतानच्या माणसानेही त्याचे लांबलचक भाषण ऐकून घेतलेच होते. प्रवासाने माणूस आपोआप विशाल होतो, हे प्रवासवर्णनाचे लाडके गृहीतक येथे टिकत नाही. परका माणूस जिवंत परत जाऊ शकतो, तो पुष्कळदा आतिथ्य करणाऱ्याच्या संयमामुळे.

अखेरच्या दिवसांत कोरियटला दोन गोष्टी लागून राहिल्या होत्या. पहिली, एका इंग्रज व्यापाऱ्याने इंग्लंडच्या राजाजवळ त्याचा विषय काढला असता राजाने तो मूर्ख अजून जिवंत आहे काय, अशा अर्थाचा प्रश्न केल्याचे त्याच्या कानी आले. दुसरी, रोने त्याच्यासाठी दिलेल्या शिफारसपत्रात त्याचा उल्लेख गरीब बिचारा असा केला होता. टेरी म्हणतो की, या दोन्ही गोष्टींनी तो फार दुखावला. आपण वाटेत कोठेतरी मरू आणि आपण पाहिलेले जगाला कळणार नाही, ही भीतीही तो टेरीजवळ बोलून दाखवीत असे. तसेच झाले. १६१७ च्या डिसेंबरात सुरत येथे तो मरण पावला. अतिसाराने तो आधीच खंगला होता; इंग्रजांच्या वखारीत त्याला मद्य देण्यात आले आणि त्याने दुखणे वाढले. परक्यांच्या मुलखातून चालत आलेला हा माणूस अखेर स्वकीयांच्या पाहुणचाराने गेला, असे म्हटल्यास ते अगदीच वावगे होणार नाही.

त्याच्या टिपणांचे काय झाले? अजमेरहून पाठविलेली काही पत्रे १६१६ साली आणि आग्र्याहून पाठविलेले पत्र १६१८ साली लंडनला छापले गेले. तुर्की मुलखातील प्रवासाचा काही भाग सॅम्युअल पर्चसने आपल्या १६२५ च्या संग्रहात घेतला. इराण आणि हिंदुस्थान यांविषयीची टिपणे मात्र नष्ट झाली. जो भाग खरोखर अपूर्व होता, तोच हरवला. त्यामुळे व्हेनिसचा कोरियट आपल्याला स्वतःच्या शब्दांत भेटतो. हिंदुस्थानातला कोरियट मुख्यतः टेरी आणि रो यांच्या शब्दांत भेटतो. तो निवेदक होता, तो पात्र झाला. जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात त्याचा उल्लेख केलेला नाही. तेथे रोचाही उल्लेख नाही.

६

मराठीतील एका प्रसिद्ध प्रवासवृत्ताशी याची तुलना करणे येथे उद्बोधक ठरेल. विष्णुभट गोडसे वरसईहून १८५७ साली आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले ते बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळावी म्हणून. वाटेत बंडाची धामधूम सुरू झाली, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, अनेकदा लुबाडले गेले आणि अखेर गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. गोडसे भटजींना आपण का चालतो आहोत, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. भिक्षुकी, तीर्थयात्रा, दक्षिणा या संस्था त्यांच्या आधीपासून वाटेवर उभ्या आहेत. अनोळखी गावात शिरताना त्यांना विदूषकाचे सोंग घ्यावे लागत नाही, की नवी भाषा शिकून आपली नवी ओळख घडवावी लागत नाही. कोरियटने फारसीत जी जागा मागून मिळविली, ती गोडसे भटजींना जन्मतः मिळालेली होती. आणि ज्यांना ती जन्मतः नाकारली गेली होती, अशा वाटसरूंचे प्रवास आपल्याकडेही लिहिले गेले नाहीत, हेही लगेच नमूद केले पाहिजे.

परंतु संहितेच्या पातळीवर दोघांचे नशीब काहीसे सारखे आहे. गोडसे भटजींनी आपली हकीकत चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहून काढली. वैद्यांनी ती 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, संपादित रूपात प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता वाचकाला मिळाली ती १९६६ साली, दत्तो वामन पोतदार यांच्या आवृत्तीमुळे. तोवर जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक गोडसे भटजींना वैद्यांच्या हातून वाचत होता. चालणारा एक, लिहिणारा तोच. पण वाचकापर्यंत पोहोचवणारा दुसरा. गोडसे भटजींचे हस्तलिखित टिकले म्हणून त्यांना आपला आवाज परत मिळू शकला. कोरियटला तो मिळाला नाही.

या दोन उदाहरणांवरून पायी प्रवासाच्या वाङ्मयाकडे पाहण्याची एक दिशा सुचविता येईल. 'प्रवाशाने काय पाहिले' या प्रश्नाच्या जोडीला 'प्रवाशाला कोणी चालू दिले' हा प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे. प्रत्येक पायी प्रवासाच्या संहितेखाली भाकरी देणाऱ्या, वाट सांगणाऱ्या, शिव्या खाणाऱ्या आणि लांबलचक भाषणे ऐकून घेणाऱ्या माणसांची एक दुसरी, न लिहिलेली संहिता असते. मुद्रित संहितेत तिच्या खुणा उरतात : काफिल्यातील सहा हजारांचा आकडा, एका पेनीत निभावलेला दिवस, गप्प झालेली परटीण, इटालियन बोलणारा मुलतानचा माणूस. या खुणा वाचणे हे इतिहासकाराचे काम आहे तितकेच ते समीक्षकाचेही आहे, कारण त्या दस्तऐवजात नसून वाक्यरचनेत असतात. कोणाला कर्तृपद मिळाले आणि कोण संख्याविशेषणात विरून गेले, यात असतात.

कोरियटच्या बाबतीत या वाचनाला एक वेगळी धार येते. मुलतानच्या त्या माणसाचे नाव त्याने विचारले असेल किंवा नसेल; लिहिले मात्र नाही. दोनच वर्षांनी त्याची स्वतःची टिपणे नाहीशी झाली आणि दुसऱ्याच्या ग्रंथातील काही आख्यायिका एवढेच त्याचे हिंदुस्थानातील अस्तित्व बव्हंशी उरले. तिकडे लिव्होर्नोच्या बंदरात दोन वर्षे काढून आलेला तो गुलाम आपल्या गावी फ्रंगी लोकांविषयी, त्यांच्या जहाजांविषयी, त्यांच्या जेवणाविषयी काय सांगत असेल, याची कल्पनाच करावी लागते. ते ऐकणारे कोणी असले, तर त्यांच्या लेखी प्रवासी तो होता. आणि वाटेत भेटलेला, धर्मावरून हुज्जत घालणारा, नाव न उरलेला अनोळखी माणूस म्हणजे ऑडकमचा टॉमस कोरियट.